पेटी झोपायला जाते तेव्हा

३ फेब्रुवारी, सोमवार

ऑफिसात मी दुसऱ्यांच्या कोडवर शेरे लिहिते. शेरे सभ्य असावे लागतात. 'हे असं का केलं असावं, समजून घ्यायला आवडेल' असं मी लिहिते तेव्हा मला विचारायचं असतं, की हे लिहिताना तुम्ही शुद्धीवर होता ना. उरलेला असभ्य भाग कुठेतरी ठेवायला हवा, म्हणून ही वही. ती कपाटात स्वेटरांच्या खाली असते. नवऱ्याला ठाऊक आहे. तो वाचत नाही, असं तो म्हणतो.

आज नवं काम आलं. पलंगाशेजारी ठेवायची बोलण्याची पेटी. बटण दाबून बोललं की दुसऱ्या पेटीतून आवाज येतो. अशा चाळीस पेट्या एका वृद्धनिवासात जायच्या आहेत, खोलीला एक. माझ्याकडे आलाय तो तिच्यातल्या आवाजाच्या चिपचा ड्रायव्हर, म्हणजे चिप आणि बाकीचा प्रोग्रॅम यांच्यामधला दुभाषा. त्यातल्या मला दोनच गोष्टी बघायच्या आहेत, कुलपं आणि झोप. दोघांनी एकाच वेळी चिपला हात घालू नये म्हणून कोडमध्ये कुलूप असतं. ज्याच्याकडे कुलूप त्याने काम करायचं, बाकीच्यांनी दाराशी थांबायचं. आणि पेटी बॅटरीवर चालते, म्हणून बोलणं संपल्यावर पाच सेकंदांनी चिपला झोपवायचं, बटण दाबलं की उठवायचं. ऐकायला पाळणाघराइतकं सोपं. पाळणाघर ज्यांनी चालवलंय त्यांना विचारा.

कोड लिहिलाय बिनचूकने. हे नाव त्याला मी दिलं, कारण तो प्रत्येक निरोपात लिहितो, 'कोड बिनचूक आहे, नुसती नजर टाका.' अडतिशीचा माणूस, हुशार, आणि हुशार असल्याचं त्याला फार लवकर कळलेलं. पेट्या अठ्ठावीस तारखेला द्यायच्या आहेत. आमचे मॅनेजर म्हणाले, होऊन जाईल. ते सगळ्यालाच असं म्हणतात, त्यामुळे त्यांचं नाव वेगळं शोधावं लागलं नाही.

वापरून बघायला दोन पेट्या घरी आणल्यात. एक माझ्या कामाच्या टेबलावर, दुसरी घरातल्या लांब बोळाच्या पार दुसऱ्या टोकाला, सासऱ्यांच्या खोलीत. बाबांचं खुब्याचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले. आतापर्यंत त्यांना हाक मारायची तर मी बोळातून ओरडायचे.

४ फेब्रुवारी, मंगळवार

बाबांची पहिली तक्रार आली. पेटी झोपताना टक् करते. चौतीस वर्षं त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या. कान अजून तिथेच आहे. म्हणाले, लिफ्टमध्ये असा आवाज आला असता तर त्यांनी जेवण सोडून रिले बदलला असता.

मी बिनचूकला शेरा लिहिला, 'झोपताना आवाज हळुवार उतरावा, अशी नम्र सूचना.' त्याने तासाभरात करून पाठवलं. आता आवाज आणि हिरवा दिवा दोन्ही एकशेवीस मिलिसेकंदांत अलगद मावळतात. सुरेख दिसतं. बाबा म्हणाले, आता माणसासारखी झोपते.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज पेटी अडकली.

चार वाजता बाबांच्या पायाचा व्यायाम असतो. फिजिओथेरपिस्ट बाईंनी (घरात त्या 'व्यायामबाई') भिंतीवर तक्ता लावलाय. रोज वीस मिनिटं, सहा आठवडे. केला तर पाय वळेल, टाळला तर कडक राहील, असं बजावून गेल्यात. मी चारला पेटीवर म्हटलं, बाबा, चला. उत्तर नाही. आणखी दोनदा हाक मारली. मग धावत गेले. बाबा उशीला टेकून शब्दकोडं सोडवत होते. त्यांना म्हणे काहीच ऐकू आलं नव्हतं. पेटीचा दिवा विझलेला, बटण दाबलं तरी ढिम्म.

मला इतका आनंद झाला की मी टाळी वाजवली. अडकलेलं यंत्र जिवंत हाती लागणं आमच्या धंद्यात भाग्याचं असतं. लॅपटॉप आणला, बाबांच्या पलंगावर मांडी घातली आणि पेटीतली नोंदवही उतरवून घेतली. शेवटची ओळ 'झोपायला सुरुवात'. पुढे काही नाही. बटण दाबल्याचीही नोंद नाही. म्हणजे कुणी हात न लावता आपोआप अडकली. खात्री करायला बाबांना विचारलं. म्हणाले, 'मी बोटसुद्धा लावलं नाही.' मग चहा मिळेल का, असं विचारलं.

चहा घेत अर्धा तास त्यांना कुलपं समजावून सांगितली. छान ऐकतात. व्यायाम तेवढा राहिला. एवढा ताजा पुरावा समोर असताना तो कुणाला सुचणार?

१० फेब्रुवारी, सोमवार

शुक्रवारी अडकली. आजही अडकली. दोन्ही वेळा चारच्या सुमाराला.

बिनचूकला कळवलं. उत्तर आलं, 'माझ्याकडे चालतंय.' ऑफिसात एक यांत्रिक बोट आहे, ते दर दहा सेकंदांनी बटण दाबतं. त्याने नऊ हजार वेळा दाबलं, पेटी एकदाही अडकली नाही. शिवाय कुलपांचा क्रम तपासणारा प्रोग्रॅम असतो, त्याचा स्वच्छ अहवालही त्याने जोडला. खाली हसरा चेहरा. मी उत्तरात हसरा चेहरा पाठवला. माझा खोटा होता.

चार वाजता आमच्या घरात काय काय होतं याची यादी केली. शेजारच्या इमारतीचा पाण्याचा पंप, माझा मायक्रोवेव्ह, बाबांचा व्यायाम. पहिले दोन संशयित.

११ फेब्रुवारी, मंगळवार

मायक्रोवेव्ह बंद ठेवला. पंपवाल्याला विचारून आले, आज पंप चाललाच नाही. पेटी तीन वाजून सत्तावन्न मिनिटांनी अडकली. दोन्ही संशयित निर्दोष सुटले. यादीत आता काहीच उरलं नाही, म्हणून वायफायवर नजर ठेवली आहे.

बाबा बिचारे रोज माझ्याबरोबर अर्धा तास डोकं घालून बसतात. आज त्यांनी विचारलं की बटणाची नोंद नेमकी कधी होते, दाबल्याबरोबर की बोलणं सुरू झाल्यावर. मी म्हटलं, बोलणं सुरू झाल्यावर. त्यांनी समाधानाने मान हलवली. म्हाताऱ्या माणसाला इतकी जिज्ञासा असणं किती चांगलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

नवऱ्याने जेवताना बाबांची एक जुनी गोष्ट सांगितली. ते ज्या इमारतीत कामाला होते तिथला वरचा साहेब दर महिन्याला तपासणीला यायचा. त्याच दिवशी लिफ्ट साहेबासकट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकायची. बरोबर अर्धा तास. तेवढ्यात हाताखालची माणसं सगळं आवरून ठेवायची. वर्षानुवर्षं कुणाला दोष सापडला नाही. बाबा स्वतः घाम पुसत शोधायचे.

मग नवरा म्हणाला, 'तू पेटीचं एकदा बाबांना विचार ना.' मी म्हटलं, त्यांना काय विचारायचं, त्यांनी तर बोटही लावलेलं नसतं. तो बराच वेळ पाणी पीत राहिला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

वृद्धनिवासाच्या मेट्रनबाईंचा फोन आला. पेटी कुठे ठेवायची, उजवीकडे की डावीकडे, एवढंच विचारायचं होतं. बोलता बोलता मी विचारलं, तुमची माणसं बटण कसं दाबतात? त्या हसल्या. म्हणाल्या, कुणाचा हात कापतो, बटण सुटतं, मग परत दाबतात. कुणी दाबून सोडतं, आणि मग आठवतं की सांगायचं तर राहिलंच.

मग त्या म्हणाल्या, 'आम्ही दोघीतिघी असतो चाळीस खोल्यांना. आवाजावर जातो. आवाज आला नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असं धरतो.'

फोन ठेवल्यावर टेबलावरची पेटी जवळ ओढली. इतके दिवस मला हे कोडं वाटत होतं, म्हणजे बाबांच्या शब्दकोड्यासारखं, सुटलं तर मजा. त्या चाळीस खोल्यांतल्या एखाद्या पेटीचा दिवा विझलेला असेल आणि कुणीतरी बटण दाबतच राहिलं असेल. बोळात बसलेल्या बाईला वाटेल, सगळं ठीक आहे.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सापडलं. म्हणजे निदान कागदावर.

सकाळपासून कोड सोडून नुसता कागद घेतला, दोन रकाने पाडले. डावीकडे बटण दाबल्यावर काय होतं, उजवीकडे पेटी झोपताना काय होतं. बटण दाबलं की कोड आधी कुलूप घेतो आणि मग चिपला म्हणतो, ऊठ. चिप झोपेच्या वाटेवर असेल तर अर्ध्यात उठत नाही; आधी पुरती झोपते, मग उठते. तिकडे झोपवणारा कोड आवाज हळूहळू उतरवतो आणि अगदी शेवटी, आवराआवर करायला, तेच कुलूप मागतो. आता नेमकं आवाज उतरत असताना कुणी बटण दाबलं तर? बटणवाला कुलूप घेऊन झोप पुरी होण्याची वाट बघतो. झोपवणारा झोप पुरी करायला कुलपाची वाट बघतो. दोघेही सभ्य. दोघेही कायमचे उभे.

आणि तो तपासणारा प्रोग्रॅम स्वच्छ अहवाल देणारच. तो फक्त कुलपांकडे बघतो. झोपेची वाट बघणं त्याच्या लेखी कुलूप नाही.

नोंदवहीत बटण का दिसत नाही तेही कळलं. नोंद उठल्यानंतर होते, आणि इथे कुणी उठतच नाही. म्हणजे बटण कुणीतरी दाबलं असणार. बाबांना विचारलं, चुकून धक्का लागला असेल का? ते म्हणाले, असेलही, पेपर पसरताना कोपर लागतं कधीकधी. तेच असणार. रोज चारला ते पेपर वाचतातच.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

मीटिंगमध्ये मांडलं. बिनचूकने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, 'एकशेवीस मिलिसेकंद. पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो. त्या फटीत बोट घालणार कोण?'

मी तयारीने गेले होते. झोपण्याच्या कोडमध्ये दोन सेकंदांचा थांबा घातला होता, त्यामुळे फट रुंद झाली. त्यांच्यासमोर बटण दाबलं, पेटी अडकली. बिनचूक म्हणाला, 'तुम्ही मुद्दाम खड्डा खणून गाडी अडकवून दाखवलीत. जी पेटी त्या लोकांच्या हातात जाणार, तिच्यावर दाखवा.' मनात म्हटलं, या माणसाचं म्हणणं बरोबर आहे आणि मला हा माणूस आवडत नाही. दोन्ही एकदम होणं त्रासाचं असतं.

मॅनेजरांनी शुक्रवारपर्यंत वेळ दिला. खऱ्या पेटीवर दाखवलं तर दुरुस्ती, नाही तर मी सही करायची. 'होऊन जाईल,' ते म्हणाले. काय होऊन जाईल ते बोलले नाहीत.

१९ फेब्रुवारी, बुधवार

खऱ्या पेटीवर दिवसभरात दोनशेदहा वेळा प्रयत्न केला. दिवा मावळायला लागला की दाबायचं. दिसेपर्यंत तो मावळून गेलेला असतो. एकदाही जमलं नाही. उजवा अंगठा सुजलाय, हे डाव्या हाताने लिहितेय, म्हणून अक्षराला कुणी हसू नये.

बाबांच्या खोलीतली पेटी मात्र चारला अडकली. त्यांचं कोपर माझ्या अंगठ्यापेक्षा सरस निघालं.

सही करावी का? नऊ हजार वेळा चाललेली पेटी आहे. माझ्याखेरीज कुणालाच अडचण नाही. कदाचित मला फक्त बिनचूकला चुकीचा ठरवायचं असेल. हे खोटं नाही, थोडं खरं आहे. पण मेट्रनबाईंचं वाक्य कानातून जात नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

संध्याकाळी बाबांच्या खोलीत तिघं चहाला बसलो होतो. मी सुजलेला अंगठा दाखवून म्हटलं, हे माणसाच्या हाताने होण्यासारखंच नाही. जगातला कुठलाही कारागीर असो, इतकं नेमकं दाबूच शकणार नाही. उद्या सही करून टाकते.

बाबांनी माझा अंगठा निरखला. कप खाली ठेवला, परत उचलला. नवरा त्यांच्याकडे बघत होता. मग बाबा म्हणाले, 'कुठलाही कारागीर, असं कोण म्हणतं?'

त्यांनी पेटी मांडीवर घेतली. बटण दाबलं, सोडलं, डोळे मिटले. ओठ जरासे हलत होते. मग अंगठा नुसता टेकवल्यासारखा केला. दिवा विझला. मी बटण दाबून पाहिलं. ढिम्म.

बॅटरी काढून घालून पुन्हा चालू केली. पुन्हा ढिम्म. सहापैकी पाच वेळा. मी विचारलं, कसं करता? म्हणाले, झोपायच्या आधी ती बारीक श्वास सोडते. दिवा त्यानंतर मावळतो. दिव्याकडे बघणारा उशिरा पोचतो, ऐकणारा वेळेवर.

मला भरून आलं. एका दिवसाचाही सराव नसताना पहिल्या झटक्यात! हाताची कला याला म्हणतात. नवरा मध्येच उठून स्वयंपाकघरात गेला. तिकडून खोकल्यासारखा आवाज येत होता. त्याने वाफ घ्यायला हवी.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

बाबांना ऑफिसात नेणं शक्य नव्हतं, म्हणून बिनचूकच घरी आला. काखेत नवी कोरी पेटी, खोक्याचं सील न तोडलेली. आमच्या पेट्यांवर त्याचा विश्वास नव्हता. बाबांनी सकाळीच दाढी करून इस्त्रीचा शर्ट घातला होता. पलंगावर असे बसले होते, जणू ते डॉक्टर आणि बिनचूक तपासून घ्यायला आलेला पेशंट.

पहिल्यांदा चुकलं. बिनचूक माझ्याकडे बघून हसला. दुसऱ्यांदा पेटी अडकली. तिसऱ्यांदा अडकली. त्याचं हसू गेलं. चौथ्यांदा त्याने स्वतः बॅटरी घातली, खोलीचं दार लावलं, खिडकी लावली, आणि पेटी अडकली. त्याने लॅपटॉप जोडून आत पाहिलं. दोन कामं एकमेकांसमोर उभी होती, माझ्या कागदावर होती तशीच.

त्याने लॅपटॉप मिटला. मग त्याने सहज विचारलं, 'काका, किती दिवसांचा सराव आहे हा?'

'दोन आठवड्यांचा,' बाबा अभिमानाने म्हणाले. 'रोज चारला पाच कमी असताना.'

 मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी इकडे तिकडे पाहिलं आणि पेन्सिल उचलून शब्दकोडं ओढून घेतलं. कोडं उलटं धरलं होतं.

आधी बिनचूकच हसायला लागला, तोंड दाबून, मग खुर्चीला धरून. मला हसू येत नव्हतं. मला मायक्रोवेव्ह आठवत होता. पंपवाला आठवत होता, ज्याला मी तीन प्रश्न विचारून भंडावलं होतं. यादीत तिसरं नाव मी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं.

बिनचूकचं हसून झाल्यावर त्याने कोडचा इतिहास उघडला आणि माझा चार तारखेचा शेरा मोठ्याने वाचला, माझ्या आवाजाची नक्कल करून. 'आवाज हळुवार उतरावा, अशी नम्र सूचना. मॅडम, याआधी ही फट तीन मिलिसेकंदांची होती. तुम्ही ती एकशेवीसची केलीत.' ते खरं होतं. खोट त्याची, रुंदी माझी. बाबा पेपराआडून म्हणाले, टक् आवाजाची तक्रार मी केली होती, तेव्हा मलाही धरा.

मग बिनचूक त्यांना विचारत बसला. बाबांनी सांगितलं की लिफ्टमध्येही हाच घोळ असतो. दार लागल्याशिवाय लिफ्ट हलत नाही, आणि लिफ्ट थांबल्याशिवाय दार उघडत नाही. दोघांनी एकमेकांकडे बघत बसायचं नसेल तर आधी कुणी काय धरायचं ते ठरवून द्यावं लागतं. उठवायचं असेल तर रिकाम्या हाताने उठवा, म्हणाले. हातात कुलूप घेऊन कुणाला उठवायला जाऊ नये.

जेवणाच्या टेबलावर बसून बिनचूकने दुरुस्ती लिहिली. आधी चिपला उठवायचं, ती उठली की मग कुलूप घ्यायचं. एक ओळ वर गेली. उठवणं फसलं तर नीट माघार घेण्याच्या चार ओळी आल्या. बाबांनी त्यानंतर तीसेक वेळा प्रयत्न केला. पेटी दर वेळी उठली. ते जरा हिरमुसले, असं मला वाटलं.

जाताना बिनचूक मला म्हणाला की त्या चार ओळींवर नीट नजर टाका, चूक असेल. तो असं म्हणाल्याचं मी तारखेसकट लिहून ठेवते आहे.

२२ फेब्रुवारी, शनिवार

रात्रभर राग होता. आठ-नऊ दिवसांचा व्यायाम बुडाला आणि मी त्यांच्याच पलंगावर बसून, त्यांच्याच हातचा पुरावा तपासत होते. सकाळी चहा दिला आणि सरळ विचारलं, का केलंत?

बाबांनी शब्दकोडं बाजूला ठेवलं. 'दुखतं,' ते म्हणाले. 'तो तिसरा प्रकार केला की डोळ्यांपुढे अंधारी येते. सांगायची लाज वाटली.'

मी म्हटलं, मला सांगायचं. ते म्हणाले, तुम्ही सगळे इतकी धावपळ करता, त्यात आणखी कुरकुर कशाला. आणि मग जरा वेळाने, खिडकीकडे बघत, की पेटी अडकली की तू येऊन बसायचीस, कुलपांचं सांगायचीस, वेळ बरा जायचा.

मी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला. व्यायामबाईंना फोन लावला. त्या दुपारीच आल्या, पाय हलवून पाहिला आणि कपाळाला हात लावला. तिसऱ्या प्रकाराचा रबरी पट्टा त्यांच्या दुसऱ्या पेशंटसाठीचा होता, दुप्पट ताठ. बदलून दिला. म्हणाल्या, दुखतं म्हणून एक शब्द कसा नाही बोललात? मला वाटत होतं, सगळं ठीक चाललंय.

मी भांडी आवरायला निघून गेले.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

दुरुस्तीवर सही केली. त्या चार ओळींत खरंच एक चूक होती. शेरा लिहिला, 'इथे काहीतरी राहून गेलंय असं वाटतं.' बिनचूकचं उत्तर, 'धन्यवाद, शंका होतीच.' वाचून मी दोनदा नाव तपासलं.

आता सगळ्या चाचण्या पुन्हा करायच्या, म्हणजे पेट्या अठ्ठावीसला जात नाहीत. मॅनेजरांना फोनवर सांगितलं. त्यांनी तारीख दोनदा विचारली. मग त्यांनी विचारलं, मेट्रनबाईंना हे कोण सांगणार? पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून 'होऊन जाईल' आलं नाही. मीच सांगितलं, बाबांच्या अंगठ्यासकट सगळं. मेट्रनबाई म्हणाल्या, चार दिवस थांबू, पण ते गृहस्थ एकदा आमच्याकडे पाठवा. आमच्यात त्यांच्यासारखे सतरा जण आहेत, त्यांना मी एकटी पुरी पडत नाही.

४ मार्च, मंगळवार

काल पेट्या गेल्या. यांत्रिक बोट आता दर दहा सेकंदांनी दाबत नाही (तोवर पेटी पुरती झोपलेलीच असायची, फटीत बोट कधी यायचंच नाही), बिनचूकने त्याला लहरीप्रमाणे दाबायला शिकवलंय. त्या चाचणीला त्याने बाबांचं नाव दिलंय, म्हणजे 'काका'. रोज सकाळी अहवाल येतो, काका पास.

मेट्रनबाईंचा निरोप आला. पहिल्याच दिवशी आठ नंबरच्या आजींनी एकशेअकरा वेळा बटण दाबलं. काम काही नव्हतं. आवाज पोचतो का, ते बघत होत्या. पोचला.

चारला बाबांना पेटीवर हाक मारते. दोन सेकंदांत उत्तर येतं, 'ऐकतोय.' असं मुद्दाम म्हणतात, वैतागून. नवा पट्टा लावल्यापासून व्यायाम होतोय, पण पूर्ण होतो की तक्त्यावर नुसत्या खुणा होतात, ते त्यांना आणि भिंतीलाच माहीत. मी पेटी खोलायला जात नाही आता. नुसतीच जाऊन बसते, काम असेल तर लॅपटॉप घेऊन.

१२ मार्च, बुधवार

आज चारला मी मीटिंगमध्ये होते. नव्या ड्रायव्हरवर बिनचूकशी वाद रंगला होता आणि मी जिंकत होते, त्यामुळे बाबांना हाक मारायची राहिली.

दारात खाकरल्याचा आवाज आला. वळून पाहिलं तर बाबा. बोळाच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत. ऑपरेशननंतर ते माझ्या खोलीपर्यंत कधी आले नव्हते. वॉकर घेऊन बाथरूम, आणि गेल्या आठवड्यापासून काठी घेऊन जेवणाचं टेबल, एवढीच त्यांची हद्द.

'आज मी व्यायाम करणार नाही,' ते म्हणाले. 'पेटीवर सांगितलं असतं. पण पेटीवर तू ऐकून घेत नाहीस.'

मी म्हटलं, बरं.

इतक्या पटकन 'बरं' येईल असं त्यांना वाटलं नसावं. जरा थांबले, वाद घालायला काही मिळतंय का ते पाहिलं. मग वळले आणि निघाले, हळू, पण भिंतीला हात न लावता. पडद्यावरून बिनचूक विचारत होता, मॅडम, आहात का. मी त्याला थांबायला सांगितलं आणि दारात उभी राहून बघत राहिले, ते खोलीत शिरेपर्यंत.

मीटिंग संपल्यावर त्यांच्याकडे गेले. काठी पलंगाला टेकून उभी होती. बाबा शब्दकोडं सोडवत होते, विजयी मुद्रेने. मी त्यांची पेन्सिल मागून घेतली. भिंतीवरच्या तक्त्यात आजच्या रकान्यात लिहून टाकलं, झाला.